ताल्दिसायची लाईन

१

कोसकुदुकच्या वीजघराला दोन धुराडी होती, पण पांढरा धूर निघायचा तो एकातूनच. दुसऱ्या धुराड्याखालचं यंत्र कधीचंच बंद पडलं होतं आणि पहिल्याला जगवण्यासाठी त्याच्या झडपा, पाइप, बेअरिंगं एकेक करून काढून नेलेली होती. बॉयलरवरचे बेकेन-आगा त्या बंद यंत्राला म्हातारी म्हणायचे. काही बिघडलं की टॉर्च घेऊन म्हातारीच्या पोटात शिरायचे आणि हवा तो तुकडा काखेत मारून बाहेर यायचे.

कुल्याश सकाळी पाळीला यायची आणि दिवेलागणीनंतर घरी जायची. फाटकापासून इमारतीपर्यंत पठारावरचा वारा अंगातून आरपार जायचा. आत बॉयलरघरात शिरली की आधी ती भट्टीच्या भिंतीतल्या छोट्या काचेशी थांबायची. जमिनीखालून येणाऱ्या पिवळ्या नळातला गॅस तिथं जळत असायचा, निळी, स्थिर, एका सुरात घुमणारी ज्योत. त्या ज्योतीभोवती पाण्याच्या नळ्यांचं जाळं होतं. पाण्याची वाफ व्हायची, वाफ पुढच्या दालनात जाऊन टर्बाइनच्या पात्यांवर आदळायची, पाती फिरायची, त्यांच्याच दांड्यावर बसवलेलं जनित्र फिरायचं आणि दमलेली वाफ पुन्हा पाणी होऊन मुकाट परत यायची. आग, पाणी आणि फिरणारं लोखंड. एवढ्यावर सारं गाव उजळायचं.

कुल्याशचं काम या सगळ्याच्या टोकाला होतं. वरच्या मजल्यावर, लांबट खोलीत, काट्यांच्या तबकड्या बसवलेल्या हिरव्या पॅनेलसमोर ती बसायची. गावात जाणाऱ्या प्रत्येक लाईनला एक तबकडी. इतक्या वर्षांत तिला काट्यांवरून गाव वाचता यायला लागलं होतं. बेकरीच्या भट्ट्या पेटल्या, शाळा भरली, इस्पितळातलं कपडे धुण्याचं यंत्र सुरू झालं, सगळं तिला काटे सांगायचे. कुणाच्या घरी पाहुणे आले की त्या आळीचा काटा संध्याकाळी किंचित वर चढायचा. तिच्या स्वतःच्या आळीच्या काट्यात मात्र तिच्यामुळे काही फरक पडत नसे. नवरा गाझिझ जाऊन बरेच हिवाळे झाले होते. मुलगी अकेरके अल्माटीत होती, फोनवर घाईघाईत बोलायची. घरी कुल्याश एक दिवा लावायची आणि एक कप चहाइतकं पाणी तापवायची. तेवढ्यानं कुठला काटा हलणार?

पॅनेलच्या उजव्या टोकाला ताल्दिसायची तबकडी होती. पठाराच्या कडेला, पांढऱ्या कड्यांच्या खाली वसलेली ती वस्ती. कुल्याश तिथंच जन्मली, लग्न होऊन कोसकुदुकला आली. पुढं ताल्दिसायच्या गॅसविहिरी आटल्या, प्यायचं पाणी खारं झालं आणि एका उन्हाळ्यात सगळी वस्ती उठून समुद्राकाठच्या आक्ताउ शहरात गेली. वीजघरानं त्या लाईनचा ब्रेकर, वीज जोडणारा-तोडणारा अवजड स्विच, जागेवरून ओढून बाहेर काढला. तबकडी तेवढी राहिली, कारण काढली असती तर पॅनेलला भोक पडलं असतं.

शरदातल्या एका सकाळी कुल्याश फडक्यानं काचा पुसत होती. ताल्दिसायच्या तबकडीवर फडकं फिरवलं आणि तिचा हात थांबला. काटा शून्यावर नव्हता. केसाच्या जाडीइतका, पण शून्याच्या पुढं होता.

२

तिनं काचेवर टिचकी मारली. काटा थरथरला आणि पुन्हा तिथंच आला.

जुनं यंत्र आहे, आतली स्प्रिंग सैल झाली असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती खाली जाऊन ब्रेकर बघून आली. तो आपल्या कप्प्याबाहेर, चाकांवर, धुळीत उभा होता. कप्प्यातल्या तांब्याच्या पट्ट्यांमध्ये हात मावेल एवढी रिकामी हवा होती. त्या हवेतून वीज जाणं शक्य नव्हतं.

तिनं मुख्य अभियंत्याला सांगितलं. येसेनगेल्दी तिच्या मुलीच्याच वयाचा, शहरात शिकलेला आणि मनानं चांगला होता. तिला आपाय, म्हणजे ताई, म्हणायचा. त्यानं तबकडी काढून तपासली. तबकडीत दोष नव्हता. शेजारच्या लाईनमुळे थोडा प्रवाह उमटत असेल, जुन्या तारांना तशी खोड असते, असं तो म्हणाला. कुल्याशला ते पटलं. पटावं असं तिला वाटतही होतं.

पण काटा तेवढ्यावर थांबला नाही. थंडी वाढत गेली तसा तो हळूहळू वर सरकला आणि वर सरकला तशी त्याला चाल आली. सकाळी उजाडताना चढायचा, उन्हं वर आली की उतरायचा, दिवेलागणीला पुन्हा चढायचा. शेजारच्या लाईनीची चाल वेगळी होती; तिच्यावर बेकरी होती. ताल्दिसायच्या काट्याची चाल घरांची होती, माणसांची होती. दर शुक्रवारी सकाळी तो जरा जास्त वर जायचा. शुक्रवारी ताल्दिसायच्या बायका मेलेल्यांच्या नावानं तेलात शेल्पेकच्या पातळ पोळ्या तळायच्या, आणि तिथं चुली विजेच्या होत्या.

रोज दुपारी एकदा काटा टुणकन उडी मारून खाली बसायचा. ती उडी कुल्याशच्या ओळखीची होती. विहिरीवरचा पाण्याचा पंप सुरू केला की अशीच उडी पडायची. तो पंप तिचा थोरला भाऊ ओराझबाय चालवायचा. पूर्वी, वस्ती नांदती असताना, ती या खुर्चीत बसून ती उडी बघायची आणि मनात म्हणायची, दादा जेवून उठला वाटतं.

बेकेन-आगा एकदा जिना चढून वर आले. एरवी ते वर येत नसत, गुडघे दुखायचे. ते पॅनेलसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "कुल्याश, तू गावाला किती वीज देतेस गं?"

तिनं काट्यांची बेरीज करून सांगितली.

"मग माझा गॅस जास्त का जळतोय? भट्टी खोटं बोलत नाही. कुणीतरी वरचं खातंय."

कुल्याशनं उजव्या टोकाच्या तबकडीकडं बोट दाखवलं. बेकेन-आगांनी वाकून काटा बघितला. मग त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि जिना उतरून गेले.

३

त्या रविवारी तिनं आक्ताउला फोन लावला. फोन भावजयीनं घेतला. मार्झिया जुन्या वळणाची. सासरच्या माणसांची नावं तोंडानं घेत नसे. लग्न होऊन आली तेव्हा तिनं नणंदेला एर्केझान असं नाव दिलं होतं, तेच अजून चालत होतं; कुल्याश तिला जेंगे, म्हणजे वहिनी, म्हणायची.

इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर कुल्याशनं दादाबद्दल विचारलं. मार्झिया म्हणाली, बरे आहेत. डॉक्टर म्हणतात काही झालेलं नाही. नुसते खिडकीशी बसून असतात. ताटात वाढलं तर खातात, नाही वाढलं तर मागत नाहीत.

"तुला म्हणून सांगते, एर्केझान," मार्झिया आवाज खाली आणून म्हणाली, "दुपारी उठून बसतात आणि म्हणतात, पंप लावायला हवा. मी म्हणते, कुठला पंप? तर म्हणतात, लावून आलो. आणि मग असे दमतात, जणू खरंच जाऊन आलेत."

"वयच झालंय दादाचं, जेंगे."

"त्यांचं एकट्याचं असतं तर मी पण तेच म्हटलं असतं." मार्झिया म्हणाली. "आपल्याकडचे सगळेच असे झालेत. लग्नकार्याला जमतो, तर कुणी गात नाही, भांडत नाही. आपली माणसं जेवणाच्या पंक्तीत भांडली नाहीत असं कधी झालंय? मलाच बघ. कणीक मळत असते आणि मध्येच वाटतं, ही मी मळलेली नाही. मी मघाशीच मळून ठेवलीय. दुसरीकडं कुठंतरी."

फोन ठेवल्यावर कुल्याशनं ताल्दिसायच्या आणखी दोघाचौघांना फोन केले. कुणी आजारी नव्हतं. कुणाला दुःख नव्हतं. सगळे एकाच सपाट आवाजात बोलत होते, शिळ्या चहात पाणी घालत जावं तशा.

शहर माणसाला असंच करतं, तिनं स्वतःशी म्हटलं. परक्या जागेत, सातव्या मजल्यावर, जिथं दारात उंट येऊन उभा राहत नाही तिथं माणूस सुकणारच. हे कारण पुरेसं होतं. पण मग तिला आठवलं, की आपल्याला स्वतःलाही कित्येक दिवसांत हसू आलेलं नाही. आणि रडूही.

४

बेकेन-आगांकडं जुनी जीप होती. सुट्टीच्या दिवशी सकाळीच ती दोघं निघाली. वाटेत बेकेन-आगांनी बायकोच्या तक्रारी सांगितल्या, म्हातारीच्या पोटातल्या उंदरांच्या गोष्टी सांगितल्या आणि जसजसे पांढरे कडे जवळ आले तसतसे गप्प होत गेले.

रस्त्याच्या कडेनं खांब होते. खांबांवर तारा नव्हत्या. तांबं चोरणाऱ्यांनी त्या केव्हाच कापून नेल्या होत्या. कुल्याश खांब मोजायची थांबली आणि नुसती बघत राहिली. शेजारच्या लाईनीची खोड, जुन्या तारांची खोड. इथं ताराच नव्हत्या.

ताल्दिसायला घरं उभी होती, पण त्यांना दारं नव्हती की खिडक्या. जाताना लोकांनी ती काढून सोबत नेली होती. पठारावर लाकूड मिळत नाही. भोकाभोकांची घरं ओळीनं उभी होती. एरवी अशा ओसाड वस्तीत वाऱ्यापासून आडोसा म्हणून उंट शिरतात. इथं उंट नव्हते, त्यांची लेंडीही नव्हती.

"तू बघून ये," बेकेन-आगा म्हणाले. "मी इंजिन चालूच ठेवतो. बंद केलं तर थंडीत सुरू व्हायचं नाही."

खरं कारण ते नव्हतं हे दोघांनाही कळत होतं.

कुल्याश आईबापांच्या घरात शिरली. वारा पडला होता. जीपचा आवाज मागं राहिला तेव्हा तिला दुसरा आवाज ऐकू आला, अगदी बारीक, दातांच्या मुळात जाणवणारा. वीजघराखेरीज तिनं तो कुठं ऐकला नव्हता. भरलेल्या तारांची गुणगुण. ती भिंतींमधून येत होती.

जमीन झाडलेली होती. वाऱ्यानं झाडलेली असेल, तिनं मनाशी म्हटलं. वारा कोपरे झाडत नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर जिथं चुलीचं बटण होतं तिथं आता नुसता खड्डा होता आणि त्यातून तारांची कापलेली टोकं डोकावत होती. तिनं हातमोजा काढला आणि चूल जिथं असायची त्या भिंतीवर तळहात ठेवला. बाहेर नाकातला श्वास गोठत होता. भिंत उबदार होती. नुकतीच कुणीतरी किटली उतरवून नेली असावी, इतपत.

तिनं हात काढून घेतला. ती ओरडली नाही. तिला भीती वाटली, पण त्या भीतीच्या आत दुसरंही काही होतं आणि त्याची तिला जास्त भीती वाटली. तिला तिथं बसावंसं वाटत होतं.

ती बाहेर आली तेव्हा बेकेन-आगा जीपमधून उतरून उभे होते आणि भलत्याच दिशेला, पलीकडच्या घराकडं बघत होते. तिच्या पावलांचा आवाज ऐकून ते वळले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"तू इकडून कशी आलीस?" त्यांनी विचारलं.

"इथंच होते मी. आईच्या घरात."

"आत्ता तर तू त्या घरात गेलीस. डोक्याचा रुमाल सोडलेला होता. मला हात केलास." ते थांबले. "मी म्हटलं, बरं झालं, बऱ्याच दिवसांनी पोरगी हसली."

कुल्याशनं डोक्याला हात लावला. रुमाल घट्ट बांधलेला होता. पलीकडच्या घराच्या दाराच्या जागी काळोखी चौकट होती आणि तिच्यात काहीच हलत नव्हतं.

५

त्या हिवाळ्यात बॉयलरच्या नळ्या गळायला लागल्या. म्हातारीच्या पोटात आता देण्यासारखं काही उरलं नव्हतं. वाफेचा दाब धरेना, टर्बाइनचा सूर मध्येच खाली पडायचा, माणसाला धाप लागावी तसा. गावातले दिवे पिवळे पडायचे. येसेनगेल्दी रात्रंदिवस वीजघरातच राहायला लागला.

अशाच एका दुपारी, सूर फारच खाली गेला तेव्हा तो धावत वर आला आणि पॅनेलवरून बोट फिरवत कुठली लाईन तोडता येईल ते बघू लागला. इस्पितळ नाही. शाळा नाही, तिथं मुलं होती. त्याचं बोट उजव्या टोकाशी आलं आणि थांबलं. ताल्दिसायचा काटा आता तबकडीच्या मध्यावर होता.

"आपाय, हे काय आहे?"

"तूच म्हणाला होतास, शेजारच्या लाईनीमुळे."

"एवढं?"

येसेनगेल्दीनं जास्त विचार केला नाही. विचार करायला सवड नव्हती. ब्रेकर आधीच बाहेर होता, तेव्हा तोडण्यासारखं काही नव्हतं. तो खाली गेला, लाईनीच्या टोकाला जाड तांब्याची वायर अडकवली आणि तिचं दुसरं टोक जमिनीला जोडलं. असं केलं की लाईनीवर काही उरत नाही.

वर कुल्याश बघत होती. काटा एकदा शहारला आणि आडवा झाला. टर्बाइनचा सूर वर चढला, खोलीतला दिवा पांढरा झाला. खालून बेकेन-आगांनी हुश्श केल्याचं ऐकू आलं.

तिनं समोरचा चहा उचलला. घोट घेतला. चहा गरम होता, एवढंच कळलं. दूध होतं, मीठ होतं, पण ते तिला आठवून ठरवावं लागलं. मग तिनं आईचा चेहरा आठवून बघितला. चेहरा आठवला, कपाळ, डोळे, गालावरचा तीळ, सगळं जागच्या जागी होतं. पण तो कुणा शेजारणीच्या आईचा असावा तसा आठवला. गाझिझ आठवला. अकेरकेचा जन्म आठवला. सगळं दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं. तिला याचं वाईटही वाटेना आणि वाईट वाटत नाही हे तिला लख्ख कळत होतं.

फोन वाजला. मार्झिया होती.

"एर्केझान, हे बोलत नाहीत." तिचा आवाज सपाट होता, रस्त्यावर काय दिसतंय ते सांगावं तसा. "डोळे उघडे आहेत. श्वास चालू आहे. मी हाका मारल्या. मग मी पण थांबले. मला कळत नाही, मी का थांबले."

पाठीमागून, बहुधा जिन्यातून, एक मूल रडत होतं आणि कुणी त्याला उगी करत नव्हतं.

कुल्याशनं रिसीव्हर टेबलावर ठेवला. रबरी हातमोजे घातले, कोपऱ्यातली लाकडी दांडी घेतली आणि जिना उतरली. ती का निघाली हे नंतर तिला स्वतःला नीट सांगता आलं नाही. प्रेमानं नाही, भीतीनंही नाही. त्या वेळी तिच्यात यातलं काहीच नव्हतं. चालू लाईन चालू राहिली पाहिजे, एवढी हातांची सवय तेवढी उरली होती. तिनं दांडीनं वायरीचा चिमटा सोडवला. वायर जमिनीवर पडली.

छातीत काहीतरी परत आलं. इतक्या जोरात, की तिला भिंतीला टेकावं लागलं. ती रडत होती.

येसेनगेल्दी आला तेव्हा टर्बाइनचा सूर पुन्हा खाली जात होता. तो चिडून काही बोलणार, तेवढ्यात तिनं त्याचा दंड धरला.

"माझी आळी तोड," ती म्हणाली. "तिथली माणसं सोयऱ्यांकडं जातील, शेकोट्या पेटवतील, मी त्यांची समजूत घालते. ही लाईन राहू दे."

"पण तिथं आहे कोण, आपाय?"

येसेनगेल्दीनं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. त्याला काय दिसलं कुणास ठाऊक. तो वर गेला आणि त्यानं कुल्याशची आळी बंद केली. वर टेबलावर रिसीव्हर तसाच पडला होता. तिनं कानाला लावला तेव्हा पलीकडं मार्झिया हुंदके देत होती आणि त्यामागं दादाचा घोगरा, त्रासलेला आवाज विचारत होता, की या घरात चहा मिळतो की नाही.

६

वसंतात मोठ्या वीजजाळ्याची लाईन कोसकुदुकपर्यंत पोचली. उंच लोखंडी मनोरे पठारावरून चालत आले आणि गावाच्या उंबऱ्याशी थांबले. कित्येक कोसांवरच्या मोठ्या वीजघरातून आता वीज येणार होती. स्वस्त, भरपूर, न थांबणारी. छोटं वीजघर बंद करायचं ठरलं. गावानं मेंढा कापला. आनंद करण्यासारखीच गोष्ट होती ती.

कुल्याशनं येसेनगेल्दीला एकदाच विचारलं, की नव्या लाईनीवरून ताल्दिसायला वीज देता येईल का. तो तिला हसला नाही. त्यानं सांगितलं, की नवी लाईन आपल्या जुन्या पट्ट्यांना जोडलेलीच नाही. ती गावाबाहेरच्या नव्या उपकेंद्रातून येते. इथल्या पट्ट्या, इथलं पॅनेल, सगळं भंगारात जाईल. मग म्हणाला, "आपाय, तुम्ही आता मुलीकडं जा. इतकी वर्षं लोकांच्या घरचे दिवे सांभाळलेत."

अकेरकेही फोनवर तेच म्हणाली. खोली तयार आहे म्हणाली. कुल्याश हो म्हणाली.

मार्झियाला काय सांगावं हे तिला सुचलं नाही. सांगून होणार काय होतं? चांगल्या मुहूर्ताची माहिती द्यावी तसं तिनं फक्त एवढंच कळवलं, की अमुक दिवशी दुपारी आमचं यंत्र थांबणार. "त्या दिवशी मी यांच्यासाठी शेल्पेक तळीन," मार्झिया म्हणाली. "गरम असताना खातील."

शेवटच्या दिवशी कुल्याश पॅनेलसमोर बसली नाही. तिनं बेकेन-आगांना विचारलं, मला ताल्दिसायला सोडाल का. भट्टी विझवण्याचं काम आता येसेनगेल्दीच करणार होता. बेकेन-आगांना ते आपल्या हातानं करायचं नव्हतं. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. जीप काढली.

७

कड्यांखाली ऊन होतं. बर्फ वितळून जमिनीवर कोवळं, विरळ गवत आलं होतं आणि त्यात इवली लाल फुलं होती. बेकेन-आगांनी जीप वस्तीच्या तोंडाशी उभी केली. कुल्याश एकटी पुढं गेली.

गुणगुण आता लपून राहिलेली नव्हती. भिंतींतून, रस्त्यातून, पायांच्या तळव्यांतून ती वर येत होती. तळणाचा वास होता. कुठं तरी धातूवर धातू आपटल्याचा, भांडं ठेवल्याचा आवाज झाला. त्या घरांच्या रिकाम्या चौकटींकडं तिला सरळ बघवेना. सरळ पाहिलं की आत काही नसायचं. नजर जरा बाजूला नेली, की कडेला, डोळ्यांच्या कोपऱ्यात, ये-जा असायची. माणसं कामात होती. कुणाला तिच्याकडं बघायला फुरसत नव्हती.

ती पलीकडच्या घरासमोर येऊन थांबली. मग तिनं ठरवून सरळ समोर पाहिलं.

चौकटीत एक बाई उभी होती. डोक्याचा रुमाल मागं सरकलेला, हात कोपरापर्यंत पिठाचे, गाल आगीजवळून उठून आल्यासारखे तांबूस. ती कोसकुदुकच्या दिशेला, जिथं क्षितिजावर दोन धुराडी काड्यांसारखी दिसत होती तिकडं, कपाळावर आडवा हात धरून बघत होती. बघता बघता आत कुणाला तरी काहीतरी बोलली आणि हसली. कुल्याशला ते हसू ओळखीचं वाटलं. आपण कधी असे हसायचो का, हे मात्र तिला आठवेना.

बाईची नजर खाली आली. क्षणभर ती कुल्याशकडं बघत राहिली. दारात कुणी अनोळखी, थकलेलं, कुठून कुठं निघालेलं माणूस उभं राहावं आणि त्याला काय द्यावं कळू नये, तसं. मग ती मागं सरली. त्या चौकटीला दार नव्हतं. तरी दार लागल्याचा आवाज आला आणि आतून कडी बसल्याचा.

क्षितिजावरचा पांढरा धूर बारीक होत होता. गुणगुणीचा सूर खाली खाली जात होता, टर्बाइन थांबताना जातो तसा, लांबत, दम सोडत. मध्येच तो आवाज आहे की त्याची आठवण आहे हे सांगता येईना. मग धूर तुटला. वस्तीत वारा तेवढा राहिला.

बेकेन-आगा बराच वेळ थांबले. शेवटी जीपमधून उतरून त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि वस्तीच्या दिशेनं हाक मारली, "कुल्याश! ए कुल्याश! चल गं, निघायला हवं!"

डोक्याला रुमाल घट्ट बांधून रस्त्यात उभ्या असलेल्या बाईनं हाक ऐकली. तिनं मान वळवून समोरच्या घराकडं पाहिलं आणि बेकेन-आगांसारखीच तीही वाट बघत उभी राहिली, कुल्याश बाहेर येण्याची.